बुधवाऱ्यातलं अंधारं घर

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात इंजिनियर आहे. सहा दिवस लोखंडाशी झगडतो आणि सातव्या दिवशी जुन्या शहरात भटकतो. परवा आला तो दारातूनच ओरडत, "आत्या, या संडेला तू चल ना यार. एका दिवसात पूर्ण जुनं भोपाळ, पैदल. जुमेरातीपासून सुरू करायचं, शाम को तलावावर. बीच में पोहे-जलेबी. तू तर इथली पुरानी आहेस, तू सांगशील, आम्ही ऐकू."

मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना विचार आधी. गुडघे कुरकुरतात हे खरंच आहे, पण कारण ते नाही. ते शहर मी एका दिवसात पायी पालथं घातलेलं आहे. नऊ वर्षांची होते तेव्हा. हे त्याला सांगितलं असतं तर त्याने "मग काय झालं?" विचारलं असतं, आणि मग काय झालं ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. त्याच्या बापालाही नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच झालं.

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या कचेरीची वाटणी झाली. कपाटं वाटली, पंखे वाटले, टंकलेखनाची यंत्रं वाटली, तशी माणसंही वाटली. आमचे बाबा रेकॉर्डातले कारकून. ते मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले. आम्ही राहत होतो ते गाव दुसऱ्याच राज्यात गेलं. बाबांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते "हो, चालेल" म्हणाले असते. आयुष्यभर ते दुसरं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

भोपाळात त्यांना राहायला एक हॉल मिळाला. आठ कारकून, खाटेला खाट लावून. बायका-पोरांना मनाई. नागपूरचं सरकारी घर सोडावं लागलं, म्हणून आई, मी आणि दोन महिन्यांचा भाऊ मामाकडे गेलो. पहिला महिना मामी लाडाने वाढायची. तिसऱ्या महिन्यात आमटीत पाणी वाढलं. पाचव्या महिन्यात मामी भिंतीशी बोलावं तशी बोलायला लागली, "पाहुणे म्हणजे चार दिवसांचे असतात बापा." आईने ऐकून घेतलं. सहाव्या महिन्यात, भर एप्रिलात, तिने वळकट्या बांधल्या, एका हाताला मला धरलं, भाऊला कडेवर घेतलं आणि बाबांना न कळवता आम्ही भोपाळ स्टेशनावर उतरलो.

बाबांना निरोप गेला तसे ते धावतच आले. त्यांनी भाऊला घ्यायला हात पुढे केले आणि भाऊने असा टाहो फोडला की फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली. बाबांनी हात मागे घेतले.

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत तीन दिवस राहता यायचं. चौथ्या दिवसाची सोय नाही, असं तिथल्या मुनीमजींनी आल्याआल्याच सांगितलं. दोन दिवस बाबांनी कचेरी सुटल्यावर घर शोधलं. शोधलं म्हणजे दारं पाहिली. कारण जुन्या शहरात बहुतेक घरांत पर्दा. परक्या पुरुषाने कडी वाजवली की आतून आवाज यायचा, "घर में मर्द नईं हैं," आणि संपलं. घर पाहावं बांधून म्हणतात, बाबांना ते नुसतं पाहायलाही मिळेना. त्यांच्या हॉलमधल्या एका जाणत्याने तोडगा सांगितला: घरातली बाई बरोबर न्या, ती आत जाईल, पाहून येईल. आईने जायचं ठरलं. पण तिसऱ्या दिवशी पहाटे भाऊला ताप भरला. उरले मी.

आईने मला पाण्याने केस चोपून दोन वेण्या घातल्या आणि माझा डावा पंजा हातात घेऊन एकेक बोट मोडलं. "अंगठा म्हणजे खोल्या किती. हे बोट म्हणजे उजेड. हे पाण्याचं, नळ घरात की बाहेर. हे संडासाचं. आणि करंगळी म्हणजे पाऊस, छत गळतं का ते विचारायचं. बरोबर पाहजो. विसरशील तर पाह्य." मग बाबांकडे न बघता म्हणाली, "संध्याकाळपर्यंत घर मिळालं तर ठीक. नाही तर मी रात्रीच्या गाडीने परत जाते. वहिनीच्या दारात पुन्हा उभी राहते. आणि एकदा गेले की क्वार्टर मिळाल्याशिवाय येणार नाही."

बाबा म्हणाले, "हो."

निघताना तिने फिरकीचा पितळी तांब्या माझ्या खांद्याला अडकवला. "पाणी प्यायचं तर यातलं. कोणाच्या घरी घोटभरसुद्धा घ्यायचं नाही. आईंना नागपुरात कळलं तर मला जन्मभर बोलतील की पोरीला बाटवून आणली." आई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. ती साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर होती. पण तिचा वचक रेल्वेच्या तिकिटाशिवाय कुठेही जायचा.

आम्ही हमीदिया रोडने निघालो. बाबा पुढे, मी मागे. नबाबांचं राज्य जाऊन काही वर्षंच झाली होती आणि शहराला ते अजून पटलेलं नव्हतं. जुमेराती दरवाजाशी टांग्यांची गर्दी होती. दरवाजाच्या आत गेल्यावर रस्ता अरुंद झाला, वर सज्जे आले, आणि दर दुकानापुढे, दर घरापुढे दगडी फळ्या दिसायला लागल्या. त्यांना पटिया म्हणतात. माणसं सकाळपासून त्यांवर बसून गप्पा हाणत होती. नागपुरात माणसं ओसरीवर बसतात, पण निदान काहीतरी निवडत, विणत बसतात. इथे बसणं हेच काम होतं. बाबांना पाहून एकजण म्हणाला, "को खां, क्या ढूँढ रिये हो?"

बाबा त्यांच्या नागपुरी हिंदीत म्हणाले, "अपने को दो खोली का मकान होना."

पटियावर हसू फुटलं. पण माणसं वाईट नव्हती. चौघांनी चार दिशांना हात दाखवले.

पहिलं घर चौकाजवळ, एका किराणा व्यापाऱ्याचं. तिथे पर्दा नव्हता, दोघेही वर गेलो. व्यापाऱ्याने विचारलं, बदलीची नोकरी आहे का? बाबांनी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, मग नको, तुम्ही जाल आणि मागे कोणीतरी राहून जाईल. मला वाटलं बाबा काहीतरी समजावतील. ते म्हणाले, "ठीक है."

दुसऱ्या घरी मी एकटी आत गेले. बाबा पटियावर बसले. आतल्या बाईने मला सगळं दाखवलं आणि मी अगदी ओव्हरसियरसारखी छताकडे बघून मान हलवून आले. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "आणि संडास?" ते बोट मी विसरले होते. पुन्हा आत गेले. संडास खाली अंगणात, पाच बिऱ्हाडांत एक. बाबांनी नको म्हणून मान हलवली. इब्राहिमपुऱ्यात तिसरं घर. तिथे खोलीच्या भिंतीला हात लावला तर माती हातात आली. चौथ्या ठिकाणी दार उघडलंच नाही. मोती मशिदीपाशी आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मशिदीच्या लाल पायऱ्यांवर आम्ही सावलीत टेकलो. बाबांनी फडक्यातल्या दशम्या सोडल्या, मला दोन दिल्या, स्वतः अर्धी खाल्ली. त्यांच्या पोटात जळजळ असायची. हॉटेलचं खाऊन खाऊन सुरू झालेली. तांब्यातलं पाणी तिथेच संपलं.

तिथून सदर मंझिलवरून उतरून आम्ही मोठ्या तलावाच्या काठाला आलो. आज लोक त्या काठाचे फोटो काढतात. मला तेव्हा एवढंच दिसलं की समोर क्षितिजापर्यंत पाणी आहे आणि त्यातलं घोटभरही आपल्याला चालत नाही. बाबा काठाशी उभे राहिले. मला वाटलं ते पाणी बघताहेत. ते म्हणाले, "आई खरंच जाईल का गं?"

नऊ वर्षांच्या मुलीला असं विचारू नये. मला राग आला. बापाने सांगायचं असतं, विचारायचं नसतं. मी म्हटलं, "जाईल." ते "हं" म्हणाले आणि चालायला लागले.

काठाकाठाने, मग चढ चढून, गल्ल्यांमधून आम्ही बुधवाऱ्यात पोचलो. माझी जीभ टाळूला चिकटली होती. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी कुठला तरी सरकारी नळ शोधला असता, पण आईने "यातलंच" म्हटलं होतं आणि तांब्या रिकामा होता. बाबांना आईची आज्ञा मोडायला लावायची मला भीती वाटली. त्यांना भीती वाटेल याची भीती वाटली, असं म्हणायला हवं.

एका गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान होतं. त्या दुकानाच्या पटियावरच्या म्हाताऱ्याने स्वतःहून सांगितलं, "वो हरे किवाड़ वाला मकान देख लो खां. ऊपर का हिस्सा खाली पड़ा हे. बेगम साब भली हें, मगर कुनबे वाले को ही देंगी." म्हणजे बायकापोरं असलेल्यालाच. हिरव्या दाराची कडी बाबांनी वाजवली आणि ते बाजूला झाले. मी आत गेले.

आत फरशीवर पाणी शिंपडलेलं होतं. दोन तरुण बायका जमिनीवर बसून मखमलीच्या बटव्यांवर जर भरत होत्या. आणि तख्तावर एक म्हाताऱ्या बाई होत्या, पांढऱ्या ओढणीतल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं, कोण कुठची विचारलं आणि थोरल्या सुनेला म्हणाल्या, बच्चीला वर दाखवून आण.

वर दोन खोल्या. मी अंगठा मोडला. दोन्हींना तलावाच्या बाजूने खिडक्या, ऊन भिंतीवर नाचत होतं. दुसरं बोट. वरच्या वर वेगळा नळ. तिसरं. वेगळा संडास, गच्चीच्या कोपऱ्यात, स्वच्छ. चौथं. छत मागच्याच पावसाळ्याआधी केलेलं. गच्चीवर एक रिकामी दगडी कुंडी होती, आणि मी मनात त्यात तुळस लावूनही टाकली. भाऊला या गच्चीवर रांगता येईल, कठडा उंच आहे, हेसुद्धा मी पाहिलं. इतक्या बारकाईने मी नंतर आयुष्यात कुठलंच घर पाहिलं नाही.

खाली आले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "मेरे छोटे बेटे का था ऊपर का. कराची चला गया, बीवी-बच्चे सब. अकेले मर्द को नईं दूँगी में. बच्चों की आवाज चइये मुझको." मग माझ्याकडे बघून त्या एकदम थांबल्या. "अरी, इसके तो होंठ सूख रिये हें."

सुनेने सुरईतून कटोऱ्यात पाणी ओतलं. कल्हईचा पांढरा कटोरा, त्यात केवड्याचा वास. मी नको म्हणण्यासाठी तोंड उघडलं असेल. मला ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं की कटोरा रिकामा झाला होता आणि मी तो पुढे धरला होता. दुसराही प्यायले. मग हातावर एक बत्तासा आला, तोही खाल्ला. जन्मात इतकं गोड मी काही खाल्लं नव्हतं.

म्हाताऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जाओ, अपने अब्बा से केना, आज ही सामान ले आओ. ओर तुम्हारी अम्मां आएँगी तो में उनसे लड़ूँगी हाँ, के दूँगी कि इत्ती धूप में बच्ची को पियासा फिराया. दो कटोरे एक साँस में पी गई, बेचारी."

त्या हसत म्हणाल्या. सुना हसल्या. आणि मी बाहेर निघाले. ही बाई आईला सांगणार. आल्याआल्या, पहिलंच वाक्य. आई आजीच्या नावाने कपाळ बडवणार. बाबांना बोलणार, तुमच्याबरोबर पाठवली आणि पोरगी बाटवून आणली म्हणणार. मला काय करतील, आंघोळ घालतील, गोमूत्र पाजतील की नागपूरला पाठवतील, यातलं काहीच मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळेच ते सगळंच होईल असं वाटलं. दहा पावलांचा बोळ होता. त्या दहा पावलांत मी ठरवलं.

बाहेर आले तर बाबा चहावाल्याच्या पटियावर बसले होते. मला पाहताच त्यांनी हातातला पेला पटकन मागे ठेवला आणि मिशा पुसल्या. शेजारचा म्हातारा म्हणत होता, "पूरी तो पी लो खां, नमक वाली हे." तिथल्या चहात चिमूटभर मीठ घालतात. बाबा उठून उभेच राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मला तेव्हा फक्त एवढंच कळलं की बाबा आज नेहमीसारखं माझ्या डोळ्यांत बघत नाहीयेत, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं.

"काय माय, कसं आहे?" त्यांनी विचारलं.

मी अंगठा धरला. "एकच खोली." दुसरं बोट. "अंधार आहे. दिवसासुद्धा कंदील लागेल." पुढची बोटं आपोआप मोडत गेली. पाणी गल्लीतून आणायचं. संडास सगळ्यांचा. छत गळतं. पाचही बोटं मी खोटी मोडली आणि आवाज कापला नाही.

बाबांनी वर पाहिलं. कोपऱ्यावरची एक खिडकी गल्लीतूनही दिसत होती, तिची तावदानं उन्हात चमकत होती. "ती खिडकी तर चांगली दिसते," ते म्हणाले.

"ती दुसऱ्यांची आहे."

त्यांनी आणखी एकदा विचारायला हवं होतं. दरडावून विचारायला हवं होतं. एक "खरं सांग" म्हटलं असतं तरी मी भडाभडा ओकले असते, अजून मला तसं वाटतं. पण चोरून प्यायलेल्या मिठाच्या चहाची चव तोंडात असलेला माणूस कोणाला काय दरडावणार? मी काय प्यायले ते त्यांनी विचारलं नाही, ते काय प्यायले ते मी विचारलं नाही. हे कोडं मला फार वर्षांनी सुटलं, आणि सुटून काही उपयोग झाला नाही.

दाराआडून थोरल्या सुनेचा आवाज आला, "अम्मी पूछ री हें, सामान कब तक आएगा?"

बाबा दाराकडे पाठ करून, रीतीप्रमाणे जमिनीकडे बघत म्हणाले, "माफ करना बहनजी. घर अपने को जमता नहीं."

मग म्हाताऱ्या बाईंचा, आता दाराशी आलेला आवाज म्हणाला, "अच्छा भाई. जेसी तुम्हारी मर्जी." कडी लागली. त्यांनी काय समजायचं ते समजलं असणार. वर जाऊन आलेली, दोन कटोरे पाणी प्यायलेली, हसलेली पोरगी, आणि बाहेर जाताच बाप म्हणतो जमत नाही. मुसलमानाचं घर म्हणून नको म्हणाले, असंच त्यांना वाटलं असेल. त्यांचं चूक होतं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म नऊ वर्षांचं होतं आणि त्याच्या दोन वेण्या होत्या.

त्यानंतर आम्ही इतवाऱ्यापर्यंत आणखी तीन घरं पाहिली. मी जीव तोडून पाहिली. एका ठिकाणी खोली कोंदट होती तरी मी "छान आहे, छान आहे" म्हणाले. पण तिथे आधीच कोणाला तरी शब्द दिलेला होता. दुसऱ्या दारात बाबांनी दाताच्या कण्या केल्या, मला पुढे ढकलून म्हणाले, पोरं लहान आहेत, बघा. त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. एकदा मनात आलं की आत्ता सांगावं. बाबा, चला परत, ते हिरवं दार चांगलं आहे. तोंड उघडलंही. पण मग "खोटं का बोललीस" येणार, आणि त्यामागून पाणी येणार. मी तोंड मिटलं. सूर्य कललेला मला दिसत होता. प्रत्येक गल्लीत तो थोडा खाली गेलेला असायचा आणि मी काहीही करू शकत नव्हते. करू शकत होते तेवढं करून बसले होते.

धर्मशाळेत आईने वळकट्या बांधून ठेवल्या होत्या. तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलंच नाही. नंतर स्टेशनावर मात्र म्हणाली, "एवढं मोठं शहर. एका माणसाला चार भिंती सापडू नयेत?"

बाबा म्हणाले, "नाही सापडल्या."

माझं नाव त्यांनी काढलं नाही. अंधारं घर, गळतं छत, काहीच सांगितलं नाही. सगळं आपल्या अंगावर घेतलं. भाऊचा ताप उतरला होता. गाडीच्या खिडकीतून तो बाबांच्या चष्म्याकडे टक लावून बघत होता, तीन दिवसांत त्याला तेवढी सवय झाली होती. गाडी हलली तेव्हा बाबांनी त्याला बोट दिलं, त्याने ते धरलं, आणि बाबा फलाटावरून चालत राहिले. मग थोडे धावले. मग बोट सुटलं.

आईने तांब्याची फिरकी काढली. तिने तो स्टेशनावर भरून घेतला होता. "तांब्या कोरडा ठण्ण होता गं. दुपारपासून पाण्याशिवाय राहिलीस?" मी होकाराची मान डोलावली. तिचे डोळे भरून आले. तिने मला जवळ ओढलं. "शहाणी गं माझी बाय ती."

मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

चार वर्षं गेली. बाबा दिवाळीला आणि उन्हाळ्यात यायचे. मामीच्या घरात पाहुण्याचे पाहुणे. भाऊ बोलायला लागला तेव्हा तो त्यांना "भोपाळचे बाबा" म्हणायचा, जणू बाबा गावोगावचे असतात. एकदा त्याने सगळ्यांच्या देखत आईला विचारलं, "हे कधी जाणार?" बाबा हसले. त्या वेळी ते तीन दिवस आधीच परत गेले, कचेरीत काम आहे म्हणून. त्यांची जळजळ वाढत गेली, मग डॉक्टरांनी तिला अल्सर हे नाव दिलं. आई दर पत्रात लिहायची, तिखट खाऊ नका. हॉलमधल्या आठजणांनी मिळून पुढे एक आचारी ठेवला होता, तो काय घालेल ते खायचं. आई तो कागद पाकिटात घालायची तेव्हा मी तिथून उठून जायचे.

शेवटी भोपाळच्या टी. टी. नगरात क्वार्टर मिळालं. मी तेरा वर्षांची होते. मधल्या काळात आजी वारली होती. शेजारच्या क्वार्टरमध्ये बाबांच्याच कचेरीतले एक भोपाळी गृहस्थ राहत, त्यांची बायको बोलकी. आई पहिल्यांदा पदर सावरून लांबून बोलायची. मग साखरेची वाटी झाली, मग शिवणाचं मशीन झालं. पावसाळ्यात भाऊला गोवर निघाला, तेव्हा त्या बाई दोन दिवस आमच्याकडे बसून त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. पट्ट्यांचं पाणी कोणाच्या नळाचं ते कोणी विचारलं नाही.

पहिल्या ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचं भांडं आलं. मला वाटलं आई ते मोलकरणीला देईल. तिने चार वाट्या काढल्या. एक स्वतः घेतली, भिंतीला टेकून बसली आणि चमच्याने खायला लागली. निवांत खात होती, खारीक बाजूला काढून शेवटी खाण्यासाठी ठेवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

बाबा खाटेवर दूध-पोळी कुस्करत होते. त्यांना ते गोड, तुपाचं चालणार नव्हतं. आई वाटी खरवडत म्हणाली, "तेव्हा अशी एखादी शेजारीण भेटली असती, तर चार वर्षं गेली नसती आपली."

बाबा म्हणाले, "एक घर पाहिलं होतं की बुधवाऱ्यात. हिरव्या दाराचं. मला बाहेरून बरं वाटलं होतं." मग पोळी कुस्करत म्हणाले, "पण ही आत जाऊन आली. अंधारं होतं म्हणे."

"पोरीला काय कळतं घरातलं," आई म्हणाली. "स्वतः पाहायचं होतं."

"पर्दा होता."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, सहज, म्हणजे काहीतरी आठवतंय का तुला, अशा नजरेने. बोलायची ती वेळ होती. त्याहून चांगली वेळ पुन्हा आली नाही. मला त्या केवड्याच्या पाण्याचा वास आला आणि मी ब्र काढला नाही. बाबांनी दूध-पोळीकडे मान खाली घातली.

आईने उरलेल्या वाट्यांतली एक माझ्याकडे सरकवली. "घे गं. उभी काय अशी? खाऊन पाह्य, काही होत नाही."

मी म्हटलं, मला भूक नाही. माझी वाटी भाऊने संपवली.